वाकडे अंगण

प्रस्तावना

'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडत असते. स्वतःची उणीव झाकण्यासाठी साधनाला दोष देणाऱ्या माणसाला ती ऐकवली जाते. म्हण चपखल आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंगण सपाटच होते, असे ती मानून चालते. अंगण खरोखरच वाकडे असेल तर काय, हा प्रश्न ती विचारीत नाही.

गिटार शिकू पाहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. रॉक संगीताच्या ओढीने अनेक तरुण व प्रौढ माणसे गिटार विकत घेतात. नोकरी, व्यवसाय किंवा घरकाम सांभाळून, बहुधा शिक्षकाशिवाय, ती शिकू लागतात. काही महिन्यांतच त्यांपैकी कित्येकांची गिटार कोपऱ्यात उभी राहते. 'आपली बोटे यासाठी नाहीत' असा निर्णय त्यांनी स्वतःविरुद्ध दिलेला असतो. हा निर्णय पुराव्याशिवाय दिलेला असतो, हे पुष्कळदा त्यांच्या लक्षात येत नाही. दोष बोटांचा की वाद्याचा, हे कसे पारखावे याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :

• गिटारच्या प्रमुख भागांची नावे व त्यांचे कार्य सांगू शकाल;
• वादनातील अडचण आणि वाद्यातील दोष यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• हवामानाचा वाद्यावर होणारा परिणाम सांगू शकाल;
• मंचावर वीज व आवाज यांबाबत घ्यावयाची काळजी समजून घ्याल;
• पारिभाषिक शब्दांचा व वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. वाद्याची ओळख

गिटार हे तंतुवाद्य आहे. पोकळ लाकडी पेटी, तिला जोडलेली लांब मान आणि मानेच्या टोकापासून पेटीवरील घोडीपर्यंत ताणलेल्या सहा तारा, अशी तिची साधारण रचना असते. मानेच्या वरच्या टोकाला तारा पिळण्याच्या खुंट्या असतात. खुंट्यांच्या खाली खाचा असलेली एक लहान पट्टी असते, तिला नट म्हणतात. नट आणि घोडी या दोन आधारांमध्ये तार कंप पावते.

मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना पडदे म्हणतात. सतारीचे पडदे बांधलेले असल्यामुळे रागानुसार सरकवता येतात. गिटारचे पडदे मात्र लाकडात कायमचे ठोकलेले असतात. म्हणून त्यांची जागा आधीच अचूक मोजावी लागते. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल, तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे नटपासून ३२५ मिलिमीटरवर येतो. तेथे तार दाबली की मूळ स्वराच्या दुपटीचा, वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो.

पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोग्रॅम ताण असतो. हा ताण मानेला सतत पुढे वाकवू पाहतो. त्याला तोंड देण्यासाठी बहुतेक अशा गिटारींच्या मानेत पोलादाची एक दांडी बसवलेली असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. समायोजन करता येणाऱ्या अशा दांडीचे पेटंट गिब्सन या अमेरिकन कंपनीला १९२३ मध्ये मिळाले. मान किंचित वाकली तर ती पुन्हा हवी तशी करता यावी, हा या योजनेचा हेतू होय. वाद्य बिघडते आणि दुरुस्तही होते, हे वाद्य बनवणाऱ्यांनी प्रथमपासून मान्य केलेले आहे. शिकणाऱ्यानेच ते मान्य करू नये, याला काही कारण नाही.

२. बोटे का दुखतात?

नव्या वादकाची पहिली तक्रार बोटे दुखण्याची असते. पोलादी तार बारीक व कठीण असते. ती दाबताना बोटांची टोके हुळहुळतात. नियमित पण थोडा थोडा सराव केला, तर काही आठवड्यांत तेथील त्वचा घट्ट होते आणि ही वेदना जाते. मात्र मनगट किंवा कोपर दुखणे, हाताला मुंग्या येणे ही लक्षणे वेगळी आहेत. ती दिसताच वादन थांबवावे, बसण्याची व हात धरण्याची पद्धत तपासावी आणि त्रास टिकून राहिल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.

टोकांची वेदनाही प्रमाणाबाहेर असेल, तर तारांची पडद्यांपासूनची उंची पाहावी. वादक मंडळी या उंचीला 'ॲक्शन' म्हणतात. बाराव्या पडद्याजवळ सर्वांत जाड तार साधारणपणे दोन ते अडीच मिलिमीटर उंच असावी. इलेक्ट्रिक गिटारीत त्याहूनही थोडी कमी चालते. हीच उंची चार-पाच मिलिमीटर असेल, तर प्रत्येक स्वरासाठी बोटाला विनाकारण जास्त जोर लावावा लागतो. शिवाय जास्त दाबलेली तार अधिक ताणली जाते आणि स्वर चढतो. म्हणजे अशा गिटारीवर शिकणाऱ्याला वेदनाही सोसावी लागते आणि बेसूर वाजवल्याचा ठपकाही घ्यावा लागतो.

'एफ' हा कॉर्ड शिकणाऱ्यांचा कसोटीचा घाट मानला जातो. पहिल्या पडद्यावर तर्जनी आडवी ठेवून तिने सगळ्या तारा एकदम दाबाव्या लागतात. येथे अनेकांचा धीर सुटतो. अशा वेळी एक सोपी परीक्षा करून पाहावी. बोटांची तीच रचना पाचव्या पडद्यावर नेऊन वाजवावी. तेथे सर्व स्वर सहज उमटत असतील आणि पहिल्या पडद्यावर मात्र उमटत नसतील, तर बोटे पुरेशी सक्षम आहेत. नटच्या खाचा उथळ राहिल्याने तेथे तारा नको तितक्या उंच असण्याचा संभव मोठा आहे. जाणकार कारागीर बारीक कानशीने त्या खाचा योग्य खोलीच्या करून देतो. पाचव्या पडद्यावरही स्वर उमटत नसतील, तर मात्र सरावाला पर्याय नाही.

३. खरखर आणि जवारी

दुसरी तक्रार खरखरीची. तार छेडली की स्वराबरोबर धातूचा खरखराट ऐकू येतो. येथेही प्रथम बोट तपासावे. बोट पडद्याला लागून, त्याच्या किंचित मागे टेकलेले असावे. ते दोन पडद्यांच्या मधोमध असेल, तर तार नीट दबत नाही व खरखर होते. बोटाची जागा सुधारूनही खरखर राहिली, तर ती कोठे होते याची नोंद करावी. केवळ मोकळी तार खरखरत असेल, तर नटची खाच जास्त खोल गेलेली असते. पहिल्या काही पडद्यांवरच खरखर असेल, तर मान बहुधा गरजेपेक्षा सरळ किंवा मागे वाकलेली असते. पेटीकडील पडद्यांवर खरखर असेल, तर घोडी फार खाली असू शकते. एकाच पडद्यावर खरखर असेल, तर त्याच्या पुढचा पडदा किंचित वर आलेला असतो. दोष कोठे ऐकू येतो, हे सांगणारा कान कारागिराचे निम्मे काम करून ठेवतो.

गिटारीत जो दोष समजला जातो, तोच तंबोऱ्यात गुण ठरतो, ही गोष्ट मोठी उद्बोधक आहे. सांगली जिल्ह्यातील मिरज हे गाव एकोणिसाव्या शतकापासून सतार व तंबोरे बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांच्यापासून तेथील या कलेची परंपरा सांगितली जाते. मिरजेच्या सतार व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी सपाट ठेवीत नाही. तो तिला अत्यंत हलका उतार देतो. कंप पावणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा हलकेच टेकते आणि तिच्यातून अनेक उपस्वरांचा झंकार निघतो. तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवून तो झंकार नेमका साधला जातो. यालाच जवारी म्हणतात. जवारी लावणे हे कौशल्याचे काम असून ते शिकण्यात वर्षे जातात.

दोन्ही ठिकाणी घडते ते एकच : तार आपल्या वाटेतील कठीण पृष्ठभागाला स्पर्श करते. एके ठिकाणी तो स्पर्श नको असतो, दुसऱ्या ठिकाणी तो जाणीवपूर्वक घडवलेला असतो. तेव्हा एखादे वाद्य 'चांगले' की 'वाईट' असे विचारण्यापूर्वी ते कोणत्या वादनासाठी लावले आहे, हे विचारले पाहिजे.

> पाठगत प्रश्न १
> (अ) योग्य पर्याय निवडा : मोकळी तारच तेवढी खरखरत असेल, तर दोष बहुधा (१) घोडीत (२) नटच्या खाचेत (३) पिकअपमध्ये असतो.
> (आ) एका वाक्यात उत्तर लिहा : तार बाराव्या पडद्यावर दाबल्यास कोणता स्वर मिळतो?
> (इ) 'एफ' कॉर्डची रचना पाचव्या पडद्यावर वाजवून काय समजते?

४. हवा, माती आणि लाकूड

तिसरी तक्रार अशी की काल सुरात असलेली गिटार आज सुरात नाही. जुन्या, गंजलेल्या तारा, खुंटीवर सैल गुंडाळलेली तार, नटच्या खाचेत अडकणारी तार, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसणे व त्या वेळोवेळी बदलणे हा त्यावरील साधा उपाय होय. परंतु याखेरीज एक कारण वाद्याच्या बाहेर असते, ते म्हणजे हवा.

लाकूड हवेतील ओलावा शोषते व सोडते. मुंबईच्या जुलै महिन्यातील दमट हवेत गिटारच्या पेटीची वरची फळी फुगते. तिच्याबरोबर घोडी वर उचलली जाते आणि तारांची उंची वाढते. मार्चमध्ये सहज वाजणारी गिटार पावसाळ्यात जड वाटू लागते. वादक स्वतःला दोष देतो. प्रत्यक्षात फळी एखाद्या मिलिमीटरच्या अंशाने वर आलेली असते.

उत्तर भारतात याच्या उलट स्थिती आढळते. लखनौच्या पूर्वेस, फैजाबाद रस्त्यावर चिनहट नावाची वस्ती आहे. रंगीत झिलई दिलेल्या मातीच्या भांड्यांसाठी ती ओळखली जाते. मे महिन्यात तेथे 'लू' म्हणजे उष्ण व कोरडे वारे वाहतात. ओले भांडे अशा वाऱ्यात उघड्यावर ठेवले, तर त्याचा बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला ओला राहतो आणि भांडे तडकते. म्हणून कुंभार ते सावलीत सावकाश वाळवतो. लाकडाचीही तीच गोष्ट आहे. कोरड्या वाऱ्यात गिटारची फळी आकसते व खाली बसते, तारा पडद्यांना लागून खरखरू लागतात, मानेचे लाकूड आक्रसल्यामुळे पडद्यांची टोके हाताला बोचतात आणि अखेर फळीला चीर जाते. चिनहटच्या कुंभाराला जे मातीविषयी ठाऊक असते, ते गिटारवादकाने लाकडाविषयी ध्यानात ठेवले पाहिजे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के असावी, असे गिटार बनवणारे सांगतात. सर्वसामान्य घरात तितके नियंत्रण शक्य नसते. तरीही गिटार उन्हात, कूलरसमोर किंवा ओलसर भिंतीला टेकवून न ठेवता तिच्या पेटीत बंद करून ठेवणे प्रत्येकाला शक्य आहे. कोरड्या दिवसांत पेटीत ओलसर, पण पाणी न गळणारा स्पंज सच्छिद्र डबीत घालून ठेवावा. पावसाळ्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

५. वाद्य आपलेसे करणारे वादक

लखनौचा उल्लेख संगीताच्या इतिहासात अनेक कारणांनी होतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १९२६ मध्ये तेथे संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृति विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. त्यानंतर एका वर्षाने, १९२७ मध्ये, लखनौतच व्हॅन शिपले यांचा जन्म झाला. त्यांनी हिंदुस्थानी संगीताचे शिक्षण घेतले, लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर वादन केले आणि पुढे मुंबईत येऊन चित्रपटसंगीतात व्हायोलिन व गिटार वाजवली. भारतातील आरंभीच्या इलेक्ट्रिक गिटारवादकांत त्यांची गणना होते. पुण्याचे ॲकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स यांच्यासमवेत त्यांनी कार्यक्रम केले व चित्रपटगीतांच्या सुरावटींच्या अनेक तबकड्या काढल्या. २००८ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

शिपले यांनी आपल्या वादनाला सहा तारा पुरेशा नाहीत हे ओळखले आणि आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार स्वतः आखून बनवून घेतली. ते हवाईयन पद्धतीने, म्हणजे गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवून वाजवीत. या पद्धतीत तारा मुद्दाम उंच ठेवाव्या लागतात, कारण कांडी पडद्यांना लागता कामा नये. बोटांनी दाबणाऱ्याला जी उंची जाचक ठरते, तीच कांडीने वाजवणाऱ्याची गरज असते.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराचे आहे. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा तरुण तेथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ मध्ये, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने पडद्यांवर तार दाबण्याचा त्याचा हात नेमका तोच होता. गिटार आता विसरावी लागेल, असे त्याला सांगण्यात आले. कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची तबकडी ऐकवली. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टच्या हाताची दोनच बोटे गिटारवर नीट चालत असत, तरीही तो युरोपातील श्रेष्ठ जॅझ वादकांपैकी एक झाला होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या व त्यांवर चामडे चिकटवले. दाबायला हलक्या म्हणून बारीक तारा लावल्या. पुढे तारांचा ताण आणखी कमी करण्यासाठी त्याने सर्व तारा खालच्या सुरात लावल्या. त्यातून निघालेला जड, गंभीर नाद 'ब्लॅक सॅबथ' या त्याच्या वाद्यवृंदाची ओळख बनला आणि हेवी मेटल या संगीतप्रकाराचा पाया ठरला.

आयोमीच्या बोटांत दोष होता, हे निर्विवाद आहे. त्याने तो नाकारला नाही आणि त्यापुढे हारही मानली नाही. हाताला जे शक्य नव्हते, ते वाद्याकडून करून घेतले.

> पाठगत प्रश्न २
> (अ) रिकाम्या जागा भरा : (१) दमट हवेत गिटारची वरची फळी \_\_\_\_\_\_. (२) व्हॅन शिपले यांची गिटार \_\_\_\_\_\_ तारांची होती.
> (आ) आयोमीने बारीक तारा का वापरल्या?

६. मंचावरील वीज

घरातील खोलीतून वादक मंचावर येतो, तेव्हा आणखी एका गोष्टीची भर पडते. ती म्हणजे वीज. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्याला पिकअप म्हणतात. तारेच्या कंपनामुळे वेटोळ्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो. ॲम्प तो वाढवून ध्वनिक्षेपकाकडे पाठवतो. हेच वेटोळे आसपासच्या वीजवाहिन्यांची गुणगुणही पकडते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही गुणगुण खर्जातील संथ भ्रमरनादासारखी ऐकू येते. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी परस्परविरुद्ध जोडून ती गुणगुण बरीचशी नाहीशी केली. अशा पिकअपला 'हंबकर' म्हणतात.

गुणगुण थांबवण्यासाठी काही जण ॲम्पच्या तीन पायांच्या प्लगमधील जाड, म्हणजे अर्थिंगचा पाय काढून टाकतात. गुणगुण कधी कधी थांबतेही. पण त्याबरोबर वादकाचे संरक्षणही जाते. ॲम्पमध्ये बिघाड होऊन वीज बाहेरच्या धातूत उतरली, तर अर्थिंग ती जमिनीत नेते. अर्थिंग नसेल, तर ती गिटारच्या तारांपर्यंत येते. वादकाचा हात तारांवर आणि ओठ मायक्रोफोनला, अशा स्थितीत ती त्याच्या शरीरातून वाहते. 'स्टोन द क्रोज' या स्कॉटिश वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा ३ मे १९७२ रोजी स्वान्सी येथे, मंचावर, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. मंडपात, लग्नघरी किंवा गणेशोत्सवात वाजवणाऱ्या प्रत्येकाने वादनापूर्वी वायरमनकडून अर्थिंगची खात्री करून घ्यावी. गुणगुणीवर उपाय करताना अर्थिंगला हात लावू नये.

७. मैफलीचे अंगण

वादकाला वाद्य लागते, तशी जागाही लागते. मुंबईच्या धोबी तलाव परिसरातील रंगभवन हे खुले नाट्यगृह अनेक वर्षे तरुण वादकांची हक्काची जागा होती. 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक संगीताचा महोत्सव १९८६ मध्ये सुरू झाला आणि रंगभवन त्याचे ठिकाण म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. १९९१ च्या आर्थिक सुधारणांपूर्वी परदेशी वाद्ये महाग व दुर्मीळ होती. त्या काळी हातात असलेले वाद्य दुरुस्त करीत, एकमेकांची वाद्ये उसनी घेत वादकांनी आपली कला वाढवली.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम २००० मध्ये लागू झाले. रुग्णालये, शिक्षणसंस्था व न्यायालये यांच्या सभोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करण्याची तरतूद त्यांत आहे. रंगभवनाच्या शेजारी महाविद्यालय व रुग्णालये असल्याने ध्वनिक्षेपक लावून होणारे कार्यक्रम तेथे पुढे बंद झाले. वादकांना ही मोठी हानी वाटली. त्याच वेळी रुग्णालयात खाटेवर पडलेल्या माणसालाही रात्रीच्या शांततेचा हक्क होता. या दोन हक्कांत दुष्ट कोणीच नाही. ज्या शहरात संगीतासाठी वेगळी, सोयीची व परवडणारी जागा राखलेली नसते, तेथे हे दोन हक्क एकमेकांसमोर उभे ठाकतात. महोत्सव इतर ठिकाणी भरत राहिला आणि काही वर्षांच्या खंडानंतर २०२२ मध्ये मुंबईत पुन्हा भरला.

आवाजाचा प्रश्न श्रोत्यांच्या आणि वादकांच्या कानांचाही आहे. कानाच्या आतील सूक्ष्म केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये संगीतस्थळांसाठी मानक जाहीर केले. त्यानुसार पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक असू नये. ध्वनिक्षेपकाच्या अगदी समोर उभे न राहणे, कानात बोळे घालणे आणि अधूनमधून कानांना विश्रांती देणे, एवढे कोणालाही करता येते. ज्या कानाने खरखर कोठे आहे हे ओळखायचे, तो कान राखणे हा वाद्य राखण्याचाच भाग आहे.

८. म्हणीचा अर्थ

मग 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण खोटी म्हणायची काय? तसे नाही. अंगण न पाहताच त्याला नावे ठेवणाऱ्यासाठी ती आजही खरी आहे. मात्र अंगण न पाहताच स्वतःला नावे ठेवणारा माणूसही तीच चूक करीत असतो. फरक एवढाच की त्याची चूक कोणी दाखवून देत नाही आणि त्याची किंमत तो एकटाच मोजतो. परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झालेला, शाळा अर्ध्यावर सुटलेला माणूस 'माझे डोकेच चालत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याने आपले अंगण तपासलेले असतेच असे नाही. पुस्तक हाती होते का, शिकवणारा होता का, दिवसभराच्या कामानंतर अभ्यासाला उजेड आणि वेळ उरत होता का, हे प्रश्न त्याने स्वतःला विचारलेले नसतात.

तारांची उंची मोजायला एक मोजपट्टी पुरते. कारागिराने ती ठीक करून दिली की सबब उरत नाही. सपाट अंगणात नाचावे मात्र आपले आपणच लागते. तेथे रोजचा अर्धा तास, चुकणारी बोटे आणि पुन्हा केलेला प्रयत्न यांखेरीज दुसरा मार्ग नाही.

शब्दार्थ

• घोडी – तारांना पेटीवर आधार देणारा वाद्याचा भाग
• पडदा – स्वराचे स्थान दाखवणारी मानेवरील आडवी पट्टी
• जवारी – घोडीच्या उताराने तारेतून साधलेला झंकार
• शिकलगार – हत्यारे घडवणारा व त्यांना धार लावणारा कारागीर
• झिलई – भांड्यावर दिलेला चकचकीत थर
• उद्बोधक – नवी जाणीव देणारा

भाषाविचार

'पडदा' या शब्दाला मराठीत अनेक अर्थ आहेत : खिडकीचा पडदा, नाटकाचा पडदा, कानाचा पडदा आणि वाद्याचा पडदा. एकाच शब्दाचा नेमका अर्थ वाक्यातील संदर्भावरून ठरतो. शास्त्र किंवा कलेच्या क्षेत्रात एखाद्या शब्दाला ठरावीक अर्थ दिला जातो, तेव्हा तो पारिभाषिक शब्द होतो. 'घोडी', 'मान' व 'खुंटी' हे व्यवहारातील शब्द प्रस्तुत पाठात पारिभाषिक अर्थाने आले आहेत.

'बोट' या शब्दावरून आलेले वाक्प्रचार पाहा : बोट दाखवणे (दोष देणे), बोटे मोडणे (चडफडून शाप देणे), बोटावर मोजण्याइतके असणे (अगदी थोडे असणे), बोट धरून चालणे (दुसऱ्याच्या आधाराने पुढे जाणे).

तुम्ही काय शिकलात?

• वादनातील अडचणीचे कारण बोटांत, वाद्यात किंवा हवेत असू शकते. ते परीक्षेने ठरवावे.
• तारांची उंची, नटच्या खाचा व मानेचा बाक यांत सुधारणा करता येते.
• एका वाद्यातील दोष दुसऱ्या वाद्यातील गुण असू शकतो.
• अर्थिंग कधीही काढू नये; आवाजाची मर्यादा पाळावी.
• साधन ठीक केल्यानंतर सरावाची जबाबदारी शिकणाऱ्याची असते.

पाठान्त प्रश्न

१. गिटारच्या तारा जास्त उंच असल्यास कोणते दोन तोटे होतात?
२. 'एकाच घटनेला एके ठिकाणी दोष व दुसऱ्या ठिकाणी गुण मानले जाते.' हे विधान गिटार व तंबोरा यांच्या आधारे स्पष्ट करा.
३. चिनहटचा कुंभार व गिटारवादक यांच्यात लेखकाने कोणते साम्य दाखवले आहे?
४. रंगभवनाच्या प्रसंगात कोणते दोन हक्क एकमेकांसमोर आले? तुमचे मत आठ ते दहा ओळींत लिहा.
५. 'बोट दाखवणे' व 'बोट धरून चालणे' या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
६. उपक्रम : तुमच्या व्यवसायात वापरले जाणारे एखादे साधन (शिलाई यंत्र, रंधा, तवा इत्यादी) निवडा. त्यातील एक दोष कसा ओळखाल व दूर कराल, ते दहा ओळींत लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) (२) नटच्या खाचेत. (आ) मूळ स्वराच्या दुपटीचा, वरच्या सप्तकातील तोच स्वर मिळतो. (इ) अडचण बोटांत आहे की नटच्या उंचीत आहे, हे समजते.

प्रश्न २ : (अ) (१) फुगते (२) आठ. (आ) दुखावलेल्या बोटांनी दाबायला त्या हलक्या होत्या म्हणून.